उन्हाळ्यात एकट्यानं सायकलवर: नाशिकहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

दिवाळीनंतर निघा, एवढं सांगून हा विषय एका ओळीत मिटवता आला असता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी नाशिकभोवती सायकल चालवण्यासारखं सुख नाही, हे इथला कुणीही सायकलवाला सांगेल. पण शिक्षकांना, कॉलेजच्या मुलांना सलग सुट्टी मिळते ती एप्रिल-मेमध्येच. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सायकल नीट चालवता येते, पन्नास-साठ किलोमीटर एका दमात झाले आहेत, पण उन्हाळ्यात आणि तेही एकट्यानं कधी लांब गेलेले नाहीत, अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऊन पायांच्या आधी डोक्याला लागतं. पाय फिरत राहतात आणि निर्णय चुकायला लागतात. "आता कुठं थांबायचं, चाळीसच तर उरलेत." "पाणी पुढच्या गावात भरू." सोबत कुणी असेल तर तो तुमचा चेहरा बघून सायकल आडवी घालतो. एकट्याला तोंड दाखवायला आरसाही नसतो. म्हणून सगळे मोठे निर्णय घरी पंख्याखाली बसून घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि रस्त्यावर ते फक्त पाळायचे.

नाशिककरांना इथे हमखास एक उदाहरण आठवतं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्याच गावच्या भावांनी २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्यानं पार केली. वाटेत वाळवंट लागतं आणि जून महिना असतो. ते जमतं, मग आपल्याला मालेगाव का जमू नये, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या शर्यतीत 'एकट्यानं' म्हणजे पेडल एकट्यानं मारायचं. मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात आणि कधी प्यायचं, कधी झोपायचं हे तीच ठरवतात. तुमच्या मागे अशी गाडी नसेल. त्या गाडीतल्या माणसांचं काम करतो तो वर सांगितलेला कागद.

पहिली पायरी: दोन आठवडे आधी अंग सरावू द्या

निघायच्या तारखेपासून १४ दिवस मागे मोजा आणि तिथून सुरुवात करा. पहिले तीन-चार दिवस सकाळी नऊनंतर पाऊण तास, सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्याच जोरानं. मग वेळ थोडी वाढवा. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेचारला निघून त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीपर्यंत जाऊन या. चार-पाच दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. हा सराव सोडला की दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, त्यामुळे मार्चमध्ये केलेली तयारी मेच्या शेवटी उपयोगी पडत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी हे दोन आठवडे गाळले तर पहिल्याच दिवशी कळतं.

याच काळात एक मोजमाप करून ठेवा. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. हा तुमचा स्वतःचा आकडा. कुणाचा पाऊण लिटर येतो, कुणाचा दीड. दुसऱ्याच्या आकड्यावर पाणी नेण्यात काही अर्थ नाही.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर तारीख पुढे ढकला. अंगदुखीच्या गोळ्या खाऊन उन्हात रेटू नका. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

दुसरी पायरी: दिशा निवडा, नुसतं अंतर बघू नका

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. नकाशावर ८० किलोमीटर दिसले की ते सगळीकडे सारखेच वाटतात.

नाशिकच्या पूर्वेला गेलात, म्हणजे ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव किंवा निफाड-येवला, तर हवा कोरडी होत जाते आणि तापमानाचा आकडा चढत जातो. पश्चिमेला कसारा घाट उतरून शहापूरकडे गेलात तर आकडा कमी दिसतो, पण हवा दमट होते. आकडा बघून बहुतेक जण दुसरा रस्ता सोपा समजतात. सायकलवाल्याला अनेकदा तोच जड जातो.

कारण असं. आपण स्नायूंनी जी ऊर्जा जाळतो तिचा जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचतो. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगात साठते. ती बाहेर काढायला उन्हाळ्यात एकच वाट उरते, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर. हनुवटीवरून टपकला तर काहीच नेत नाही. कोरड्या चाळिशीत घाम सुटल्या सुटल्या वाळतो, म्हणून तिथं फार घाम येत नाही असं वाटतं आणि पाणी कमी प्यायलं जातं. दमट चौतिशीत घामानं अंघोळ होते आणि तरी अंग थंड होत नाही. पूर्वेला धोका पाणी संपण्याचा, कसाऱ्याखाली धोका उष्णता अंगात कोंडण्याचा. पहिल्या सफरीला दुसरा धोका घेऊ नका.

वाऱ्याचंही असंच. मेमध्ये दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो. पूर्वेकडे जाताना तो पाठीशी असतो आणि मजा वाटते. पण वारा १८च्या वेगानं वाहतोय आणि तुम्हीही १८नंच चाललाय, तर अंगाला लागणारी झुळूक शून्य. पाठीवरच्या वाऱ्यात माणूस जास्त तापतो, हे मला स्वतः तापल्यावरच कळलं. परतताना तोच वारा छातीवर येतो. अंग जरा निवतं, पण वेळ दीडपट लागतो. म्हणजे येवल्याहून नाशिकला येणं हे नाशिकहून येवल्याला जाण्याइतकंच काम नाही.

चढावर दोन्ही गोष्टी एकत्र येतात: वेग आठावर, वारा नाही, ताकद मात्र दुप्पट. सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरीचा चढ असो की चांदवडपुढचा राहुड घाट, तो सकाळी नवाच्या आत मागे पडला पाहिजे. पडत नसेल तर मुक्काम हलवा.

तिसरी पायरी: दिवसाचे दोन तुकडे करा

मेच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पण आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या थोडा पुढे, आणि हवा सर्वांत तापते तीन-चारच्या सुमारास. "बारा वाजता थांबलो, दोनला निघालो" हे वेळापत्रक म्हणूनच घात करतं. दोनला तुम्ही दिवसाच्या सर्वांत वाईट दोन तासांत शिरत असता. वीस मेच्या आसपास तर नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो; भिंतीच्या कडेलाही भरदुपारी वीतभर सावली मिळत नाही.

माझं वेळापत्रक असं आहे. पाचला निघायचं, पुढे-मागे दिवा आणि चमकणारं जॅकेट घालून. साडेसातला पहिला थांबा, पोटभर नाश्ता. साडेदहाला रस्ता सोडायचा, मग समोर गाव दिसत असो वा नसो. पुन्हा निघायचं ते साडेचार-पाचला, आणि सातला मुक्कामी. सकाळी ६० ते ७० किलोमीटर, संध्याकाळी २० ते २५. हिवाळ्यात १२० करणाऱ्याला हे आकडे पोरकट वाटतात. वाटू द्या.

रात्रभर चालवून दुपारभर झोपायचा सल्लाही बरेच जण देतात. महामार्गावर रात्री ट्रक, गावांच्या वेशीवर कुत्री आणि दुपारी न लागणारी झोप; एकट्यानं हा खेळ करू नये.

मधले सहा तास कुठे काढायचे, हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. देवळाचा सभामंडप सर्वांत चांगला: दगडी फरशी, वारा, पाणी आणि कुणी हटकत नाही. बाहेर पुजाऱ्यांना विचारून सायकल लावा. एसटी स्टँडवर पंखा मिळतो. छोट्या लॉजवर दुपारपुरती खोली मागून बघा, अनेकदा देतात. गावातला वड-पिंपळाचा पार उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र कधीच झोपू नका; सावली दिसते, पण वरचा पत्रा तव्यासारखा तापून खाली भाजत असतो. महामार्गावर अडकलात आणि झाड दिसेना, चौपदरी रस्त्यांच्या कडेला आता ते फारसं उरलेलंही नाही, तर गावाखालच्या भुयारी मार्गात वारा आणि सावली दोन्ही असतात. रहदारीपासून बाजूला बसा.

संध्याकाळच्या तुकड्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूर्य कलला तरी डांबर बराच वेळ उष्णता सोडत राहतं, त्यामुळे पहिला अर्धा तास हळू. आणि मेमध्ये वळीव येतो. ढग काळे होऊन धुळीचा लोट उठला की मोकळ्या माळावरून खाली उतरा, पक्क्या घरात शिरा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, वीज तिथंच शोधत येते.

चौथी पायरी: पाणी, आणि पाण्याइतकंच मीठ

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. तुमचा घाम दीड लिटरचा असेल तरी पोट तासाला साधारण लिटरपेक्षा जास्त पुढे ढकलू शकत नाही. म्हणजे काही तूट राहणारच; ती दुपारच्या सहा तासांत भरून काढायची असते. त्या विश्रांतीचं खरं काम झोपेपेक्षा हे जास्त आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलोनं घटलं की पाय आणि डोकं दोन्ही मंदावतात.

सायकलवर तीन लिटर पाणी कायम हवं. त्यातली एक बाटली राखीव, पुढचं गाव दिसल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. बाटलीवर जुना सुती पायमोजा चढवून तो ओला ठेवा. माठ जसं काम करतो तसंच हे करतं आणि कोरड्या हवेत पाणी पिण्याजोगं राहतं. कसाऱ्याखाली ही युक्ती चालत नाही, तिथं मोजा वाळतच नाही.

आता मीठ. एका लिटर घामात अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं. दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय सुजल्यासारखे वाटतात. माणसाला वाटतं ऊन लागलं, आणि तो आणखी पाणी पितो. म्हणून सकाळच्या दोन बाटल्यांपैकी एक नेहमी मिठाची असू द्या. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी घ्या, जिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे अशी. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलिलिटरच्या. वाचल्याशिवाय फोडू नका. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मीठ अंदाजानं टाकू नका.

बाकी नाशिक जिल्ह्यात प्यायला काय कमी आहे? मीठ-जिरं घातलेलं ताक सगळ्यात वर. कैरीचं पन्हं दुसरं. रसवंतीतला उसाचा रस ताकद देतो पण त्यात मीठ नसतं, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून बिनबर्फाचा मागा. पाणपोईच्या रांजणातलं पाणी डोक्यावर, मानेवर, पंचावर हवं तितकं ओता. प्यायचं तर मात्र वापर असलेल्या, झाकलेल्या ठिकाणचंच. कलिंगड दुपारी थांबल्यावर. मूठभर मनुका आणि खारे शेंगदाणे खिशात ठेवले की तासाभराचं काम भागतं.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. तो भाकरीबरोबर खाल्ला तर जास्त उपयोगी. आणि मिसळ? सकाळी आठला तर्री मारून उन्हात निघालेल्या सायकलवाल्याची दशा मी पाहिली आहे. ती परतल्यावर खा.

पाचवी पायरी: कपडे आणि सायकल

पूर्ण बाह्यांचा, सैल, फिका सदरा. हेल्मेटखाली ओला पंचा, मानेवर त्याचा शेव सोडून. सनस्क्रीन घामानं धुऊन जातं, दर दोन तासांनी नाक आणि हातांच्या पाठीवर पुन्हा लावा. घासणाऱ्या जागी निघण्याआधीच खोबरेल तेल.

तापलेल्या रस्त्यावर टायर फुटेल ही भीती जरा जास्तच पसरलेली आहे. हवा तापून दाब वाढतो तो थोडाच. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या बरंच खाली हवा भरली की झालं. ट्यूब फुटते ती बहुधा लांब उतारावर रिमवरचे ब्रेक दाबून धरल्यामुळे. म्हणून ब्रेक सोडत-दाबत उतरा. पंक्चरच्या डिंकाची फोडलेली ट्यूब उन्हाळ्यात वाळून दगड होते, नवी न्या. हँडलवर लावलेला मोबाइल उन्हात तापून बंद पडतो, तेव्हा घरचा नंबर आणि मुक्कामांची नावं कागदावर हवीत.

सहावी पायरी: कागदावरचे नियम

आता तो कागद. माझ्या हँडलच्या पिशवीत तो प्लॅस्टिकमध्ये घातलेला असतो आणि त्याची एक प्रत बहिणीकडे असते. त्यावर चारच ओळी आहेत. साडेदहाला थांबणे. राखीव बाटली उघडली की पुढच्या सावलीत थांबणे. प्रत्येक थांब्यावरून बहिणीला निरोप; दोन निरोप चुकले तर ती फोन करणार, फोन लागला नाही तर शेवटच्या थांब्यापासून शोध सुरू. आणि चौथी ओळ: तेराचा पाढा.

ही चौथी ओळ एका फजितीतून आली. काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेर मी येवल्याहून परतत होतो. छातीवर वारा, विंचूर मागे पडलेलं, अकरा वाजून गेलेले. थांबायचं ठरलं होतं, पण निफाडला पोचून थांबू असं मनात आलं. मग अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजली आणि मला ते छान वाटलं, वाटलं झुळूक आली. रस्त्याकडेच्या कांद्याच्या चाळीपाशी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "कुठून आला रे बाबा एवढ्या उन्हाचा?" मी म्हणालो, "नाशिकहून." "मग नाशिककडंच कुठं चाललास?" मला उत्तर सुचेना. आजी म्हणाल्या, "पोरा, आधी बूड टेक. मग सांग." त्यांनी डोक्यावर तांब्या ओतला, सून ताक घेऊन आली. तासाभरानं मला कळलं की मागच्या थांब्यावर माझे हातमोजे आणि एक भरलेली बाटली राहून गेली होती.

तेव्हापासून साडेनवानंतर दर अर्ध्या तासानं मी मोठ्यानं तेराचा पाढा म्हणतो. एरवी तो मला पाठ आहे. तेर साते अडखळलं की सायकल थांबते, घड्याळात काहीही वाजलेलं असो. तुम्हाला तेराचा येत नसेल तर दुसरं काही निवडा, पण थोडा विचार करावा लागेल असं. चालकांना विचित्र वाटतं. हरकत नाही.

पाढ्याखेरीज थांबायची खूण म्हणून एवढं पुरे: उन्हात काटा येणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, उठल्यावर भोवळ, सकाळपासून लघवी न होणं किंवा ती गडद पिवळी होणं. यांपैकी एक जरी दिसलं तर सावली, कपडे सैल, पाय थोडे वर, अंगावर पाणी आणि वारा, घोटाघोटानं मिठाचं पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशीची सायकल संपली. बरं वाटलंच नाही तर १०८.

माणूस बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो आणि तिथं मिनिटं मोजावी लागतात. अशा वेळी तुम्ही स्वतः काही करू शकणार नाही. म्हणून पहिलं लक्षण दिसताच जवळच्या माणसाला, दुकानदार असो की शेतकरी, स्पष्ट सांगायचं: "मला ऊन लागलंय. बोलणं विस्कटलं तर अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा, १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका." हे सांगायला लाज वाटते. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंत तर नुसता कागद पुढे करता येतो.

परतीची सोय

सायकल सोडून परतायची वाट आधीच माहीत असली की थांबायचा निर्णय सोपा जातो. आपल्या जिल्ह्यात टोमॅटो-कांद्याच्या पिकअप गाड्या बाजार समित्यांत माल उतरवून रिकाम्या फिरतात. ढाब्यावर विचारलंत तर सायकलसकट कुणी ना कुणी घेऊन जातो. दोरी तुमची हवी, आणि डिझेलला हातभार लावायची तयारी.

पहिल्या सफरीसाठी मी नवख्यांना सापुतारा सुचवतो. नाशिकपासून ८० किलोमीटरच्या आसपास, दिंडोरी-वणीमार्गे. पहिल्या दिवशी पहाटे निघून दहाच्या आत वणी, साधारण चाळीस किलोमीटर. तिथंच दुपार आणि रात्र. संध्याकाळी पाय मोकळे करायचे, चेन पुसायची, ताक प्यायचं. दुसऱ्या दिवशी पाचला निघून उरलेले चाळीस. वरचा चढ ऊन तापायच्या आत संपतो. तिसरा दिवस विश्रांतीचा, चौथ्या दिवशी परत, पुन्हा वणीत थांबून. चाळीस किलोमीटरला एक अख्खा दिवस हे हास्यास्पद आहे, असं वणीत दुपारी दोन वाजता तुम्हाला नक्की वाटेल. तेव्हा बाहेर रस्त्यावर पाच मिनिटं उभे राहून या.